सोसाट्याच्या वाऱ्यात अवजड वाहन चालवताना

अवजड गाडीला वारा काय करणार, हा समज रस्त्यावर सर्रास ऐकू येतो. भरलेल्या गाडीच्या बाबतीत तो निम्मा खरा आहे आणि रिकाम्या गाडीच्या बाबतीत साफ चुकीचा. वाऱ्याचा जोर गाडीच्या वजनावर ठरत नाही. तो तिच्या बाजूचा पत्रा किती लांब आणि किती उंच आहे यावर ठरतो. वजन त्या जोराला फक्त विरोध करते आणि माल उतरवल्यावर हा विरोध निम्म्याहून कमी उरतो, पत्रा मात्र तेवढाच राहतो. म्हणूनच माल खाली करून परतणारी, हलकी झालेली, आणि रिकामी आहे म्हणून जरा वेगात पळवली जाणारी उंच गाडी वाऱ्यात सर्वांत आधी अडचणीत येते.

स्थूल हिशेब मांडला तर ही गोष्ट डोळ्यांसमोर उभी राहते. बत्तीस फुटी बंद बॉडीची आठ फूट उंच बाजू धरली, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे 24 चौरस मीटर भरते. ताशी 30 किलोमीटर वेगाचा वारा तिच्यावर काटकोनात आला, तर त्याचा दाब साधारण शंभर किलो वजनाएवढा असतो. वाऱ्याचा वेग 60 झाला की दाब दुप्पट न होता चौपट, म्हणजे चारशे किलोच्या घरात जातो, आणि 90 झाला की नऊशेच्या आसपास पोहोचतो. हा दाब एकसारखा राहिला असता तर स्टेअरिंग थोडे वळवून धरता आले असते. पण सोसाट्याचा वारा हिसके देत येतो. क्षणभर जोर लावतो, क्षणभर सोडतो, आणि चालकाची खरी कसोटी या सोडण्याच्या क्षणी लागते.

पहिली पायरी : निघण्यापूर्वी वारा आणि रस्ता यांचा मेळ घालणे

हवामान विभागाचा अंदाज पाहताना बहुतेक चालक फक्त पाऊस पाहतात. त्याच इशाऱ्यात ‘ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा’ असे वाक्य असते आणि उंच गाडीच्या चालकासाठी तेच अधिक महत्त्वाचे आहे. जिल्हावार पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा आदल्या दिवशी पाहावा. निघण्याच्या वेळी आणि वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा पाहावा. ‘मौसम’ हे हवामान विभागाचे अॅप आणि विजांसाठीचे ‘दामिनी’ हे अॅप मोबाइलवर असावे. ते क्लीनरने पाहावे, चालकाने चालत्या गाडीत पाहू नये. हवामान केंद्रावर वाऱ्याची प्रमाणित नोंद जमिनीपासून दहा मीटर उंचीवर, मोकळ्या जागी घेतली जाते. खाडीवरच्या उंच पुलावर वारा त्याहून जोरात असू शकतो, हे आकडा वाचताना लक्षात ठेवावे.

त्यानंतर वारा कोणत्या दिशेने येणार आणि आपला रस्ता कोणत्या दिशेने जातो, हे पाहायचे. पावसाळ्यात कोकणात वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो, आणि मुंबई-गोवा महामार्ग उत्तर-दक्षिण जातो; म्हणजे जवळजवळ सगळा प्रवास वाऱ्याला बाजू देऊन होतो. नागपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत येणारा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग साधारणपणे पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे पावसाळी वारा तेथे बराच वेळ समोरून किंवा तिरका लागतो आणि बाजूचा धोका काहीसा कमी होतो. वळिवाचे तसे नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर उठणारे वादळ ढगाखालून चारी बाजूंना वारा फेकते. त्याची दिशा अंदाजात सापडत नाही आणि पाच मिनिटांत ती उलटी होऊ शकते. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात रिकामी उंच गाडी न्यायची असेल, तर पहाटे निघून दुपारी तीनच्या आत मोकळे माळरान मागे टाकावे, हा जुन्या चालकांचा शिरस्ता आजही सर्वांत शहाणपणाचा आहे.

चक्रीवादळाचा इशारा असेल, तर या लेखातले पुढचे काहीही लागू होत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. तशा वाऱ्यात चालवण्याचे कौशल्य नसते. गाडी बाहेर काढायची नसते.

दुसरी पायरी : गाडी आणि माल

रिकामी गाडी म्हणजे फक्त माल नसलेली गाडी नव्हे. चिप्सच्या पुड्यांनी किंवा थर्माकोलने दारापर्यंत गच्च भरलेला कंटेनर कागदावर भरलेला असतो, पण वाऱ्याच्या दृष्टीने तो रिकामाच आहे. कडब्याची गाडी तर त्याहून वाईट, कारण तिचा भार हौद्याच्या वर आणि बाहेर फुगलेला असतो. अशा मालाला उंची कमी ठेवणे हाच उपाय आहे, आणि दोन फेऱ्यांचा माल एका फेरीत बसवण्याचा मोह निदान वाऱ्याच्या दिवसांत टाळावा. थोडा जड आणि थोडा हलका माल एकत्र असेल, तर जड माल तळाशी आणि चाकांवर भार समान पडेल असा लावावा. अर्धवट भरलेल्या टँकरला वाऱ्याचा दाब कमी लागतो, पण आतले द्रव हेलकावते, आणि वाऱ्याचा हिसका व द्रवाचा हेलकावा एकाच बाजूला आले की गाडी अपेक्षेपेक्षा जास्त झुकते.

ट्रेलरवरच्या कंटेनरबद्दल थोडे सविस्तर सांगावे लागेल. चाळीस फुटी रिकामा कंटेनर चार टनांहून थोडा हलका असतो आणि त्याची बाजू तीस चौरस मीटरपेक्षा मोठी असते. ताशी 80 किलोमीटरचा झोत त्या बाजूवर आला, की सुमारे टनभर जोर लागतो. पावसाने ओल्या झालेल्या लोखंडावर लोखंड टेकलेले असताना हा जोर कंटेनर सरकवायला पुरेसा ठरू शकतो. चारही कोपऱ्यांची कुलपे, ज्यांना सगळे ट्विस्ट लॉक म्हणतात, बसली आहेत का हे नुसते बघू नये, हाताने हलवून पाहावे. रिकाम्या कंटेनरची कुलपे ‘जवळच तर जायचे आहे’ म्हणून उघडी ठेवलेली मी अनेकदा पाहिली आहेत. ज्या कंटेनरला ती सर्वांत जास्त लागतात, त्याच्याच बाबतीत हा आळस होतो.

ताडपत्रीचेही शास्त्र आहे. दोन ताडपत्र्या असतील, तर पुढच्या ताडपत्रीची कड मागच्या ताडपत्रीवर यावी, छपरावरची कौले एकावर एक येतात तशी. उलट लावली तर वारा सांध्यात शिरतो आणि पन्नास किलोमीटरच्या आत ताडपत्रीचे शीड होते. दोरीचे मोकळे टोक लोंबत ठेवू नये; ते शेजारच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर चाबकासारखे बसते. हौदा पूर्ण रिकामा असेल, तर ताडपत्री काढून, गुंडाळून, हौद्यात तळाशी बांधून ठेवावी. फाळक्याच्या आणि मागच्या दारांच्या कड्या तपासाव्यात. सर्व टायरांत हवा ठरल्याप्रमाणे आणि दोन्ही बाजूंना सारखी असावी, आणि स्टेअरिंगमध्ये ढिलाई असेल तर ती आधी काढून घ्यावी. एरवी खपून जाणारी दोन बोटांची ढिलाई वाऱ्यात अर्धी लेन खाते.

तिसरी पायरी : रस्त्यावर वारा वाचणे

केबिनमध्ये बसून वाऱ्याचा वेग कळत नाही, पण बाहेर तो लिहिलेला असतो. लहान झाडे डोलू लागली की वारा ताशी 30 ते 40 किलोमीटरच्या दरम्यान आहे. मोठ्या फांद्या हलतात, विजेच्या तारा घोंघावतात आणि रस्त्याकडेच्या माणसाला छत्री आवरत नाही, तेव्हा तो 40 ते 50 आहे. अख्खे झाड हलते आणि पायी चालणारा वाकून चालतो, तेव्हा 50 ते 60. हिरव्या डहाळ्या तुटून रस्त्यावर पडू लागल्या की 60 ओलांडले. ढाब्यावरचे झेंडे, पुढच्या ट्रकची फडफडणारी ताडपत्री, उसाच्या शेंड्यांचा कल आणि रासायनिक कारखान्यांच्या आवारात उंच खांबावर लावलेली कापडी वातदर्शक पिशवी यांतून दिशाही कळते. वळिवात मातीची भिंत समोरून चालत येताना दिसते. ती दिसल्यापासून ती गाठेपर्यंत जी दोन-तीन मिनिटे मिळतात, ती वेग कमी करून जागा शोधण्यासाठीच असतात.

कोणत्या वाऱ्याला काय करावे, याचे माझे ठोकताळे असे आहेत. 40 पर्यंत सावध राहून चालावे. 40 ते 50 मध्ये रिकामी उंच गाडी असेल, तर वेग ताशी 40 च्या आसपास आणावा आणि पुढची थांबण्याची जागा मनात ठरवून ठेवावी. 60 च्या पुढे रिकामा कंटेनर, रिकामी बंद बॉडी, कडब्याची गाडी आणि उंच स्लीपर बस यांनी थांबावे. 75-80 च्या पुढे भरलेल्या गाडीनेही थांबावे, कारण तेव्हा आपली गाडी टिकली तरी समोर झाड पडलेले असते. हे आकडे कायद्याचे नाहीत. ज्याची गाडी जास्त उंच किंवा जुनी असेल त्याने ते आणखी खाली आणावेत.

वारा सर्वत्र सारखा लागत नाही, तो ठरावीक ठिकाणी दबा धरून असतो. बोगद्याचे तोंड हे त्यांतले पहिले ठिकाण. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचे माडप, भाताण आणि कामशेतचे बोगदे, खंबाटकी, कशेडी, कुठलाही घ्या. आत वारा शून्य असतो आणि बाहेर पडताच तो पूर्ण जोराने बाजूवर येतो, तोही आधी केबिनवर आणि मग मागच्या बॉडीवर, त्यामुळे गाडीला पिळ पडल्यासारखे वाटते. डोंगर कापून काढलेल्या रस्त्याचा शेवट, दोन टेकड्यांमधली खिंड, उड्डाणपुलाचा माथा आणि उंच इमारतींमधली फट ही तशीच ठिकाणे. खाडीवरचे पूल तर उघडच आहेत : वाशीचा पूल, गोव्यातले मांडवी आणि झुआरीवरचे पूल, आणि 21.8 किलोमीटरपैकी सुमारे 16.5 किलोमीटर समुद्रावरून जाणारा अटल सेतू. कोकण रेल्वेने पानवल व्हायाडक्टवर, म्हणजे दरीवरच्या उंच पुलावर, आणि मांडवी, झुआरी व शरावती या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे बसवली आहेत, म्हणजे वारा वाढला की गाडीबाबतचा निर्णय लोको पायलटच्या अंदाजावर सोडावा लागत नाही. रस्त्यावर तसे यंत्र तुमच्या केबिनमध्ये नाही, म्हणून पुलावर जायचे की नाही हे पुलाच्या अलीकडच्या शेवटच्या मोकळ्या जागेत ठरवावे. एकदा पुलावर चढल्यावर थांबणे आणि वळणे दोन्ही शक्य नसते.

जाता जाता एक विसंगती सांगतो. पवनचक्कीची लांबलचक पाती वाहणारे ट्रेलर नेमके तेथेच जातात जिथे वारा सर्वांत जास्त आहे म्हणून पवनचक्क्या उभ्या केल्या आहेत : साताऱ्याचे चाळकेवाडी आणि वनकुसवडे, धुळ्याचे ब्राह्मणवेल. कन्याकुमारीकडे माल घेऊन जाणाऱ्या आपल्याकडच्या चालकांनाही मुप्पंदळची पवनचक्क्यांची रांग महामार्गाला लागूनच भेटते. पवनचक्क्यांचे जंगल दिसले, की फलक असो वा नसो, तो वाऱ्याचा इशाराच समजावा.

चौथी पायरी : प्रत्यक्ष चालवणे

वेग कमी करणे हे पहिले आणि जवळजवळ शेवटचे साधन आहे. वेग निम्मा केल्याने बाजूचा वारा कमी होत नाही, पण त्याने ढकललेली गाडी लेनबाहेर जाण्यापूर्वी सावरायला दुप्पट वेळ मिळतो, आणि रिकाम्या गाडीत ब्रेक मारण्याची वेळ आलीच तर ती चाके घसरण्याच्या मर्यादेत राहते. वेग धोक्याच्या ठिकाणाच्या आधी कमी करावा. बोगद्याच्या आत, पुलाच्या अलीकडे. खालचा गिअर ठेवावा, म्हणजे नुसता अॅक्सिलरेटर सोडला तरी गाडी ओढ धरते. क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप कायम ठेवणारी सोय, असेल तर बंद करावा.

दोन्ही हात स्टेअरिंगवर, पण मुठी आवळलेल्या नसाव्यात. झोत आला की गाडी जिकडे ढकलली जाते त्याच्या उलट दिशेला, म्हणजे वाऱ्याकडे, स्टेअरिंग थोडे, अगदी थोडे वळवावे आणि झोत ओसरण्याची वाट पाहत ते हळूच परत आणण्याची तयारी ठेवावी. नवशिक्या चालकाची चूक येथेच होते. तो झोताला मोठे वळण देऊन उत्तर देतो, तेवढ्यात झोत संपतो, आणि वळवलेले चाक गाडीला वारा येत होता त्या बाजूला घेऊन जाते. मग तो घाबरून उलटे वळवतो, आणि मागची उंच बॉडी डाव्या-उजव्या बाजूला डुलू लागते. हे डुलणे सुरू झालेच, तर स्टेअरिंग शक्य तितके सरळ धरून अॅक्सिलरेटर सोडावा. जोरात ब्रेक लावू नये. ओल्या रस्त्यावर रिकाम्या ट्रेलरची चाके जाम होऊन ट्रेलर केबिनला आडवा येतो तो अशाच ब्रेकमुळे.

मुंबई-गोवा महामार्गाचे उदाहरण घेऊन हे जवळून पाहू. जेथे रस्ता दुपदरी आहे आणि मध्ये दुभाजक नाही, तेथे गोव्याकडे जाणाऱ्या चालकाच्या उजव्या हाताला पश्चिम असते. वारा त्याला डावीकडे, साइडपट्टीकडे ढकलत असतो, म्हणून तो स्टेअरिंग किंचित उजवीकडे धरून चाललेला असतो. समोरून मोठा कंटेनर येतो तो वाऱ्याच्या बाजूने. दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या की तो कंटेनर भिंतीसारखा वारा अडवतो. वारा गेला पण उजवीकडे धरलेले चाक तसेच राहिले, तर आपली गाडी त्या कंटेनरकडे झुकते, आणि तो निघून जाताच वारा पुन्हा येऊन तिला डावीकडे फेकतो. हे सगळे दोन सेकंदांत घडते. मुंबईकडे येणाऱ्याची गोष्ट उलटी आहे : वारा डावीकडून येतो आणि त्याला सतत समोरच्या वाहतुकीकडे ढकलतो. म्हणून गोव्याकडे जाताना डावीकडे साइडपट्टी खचलेली नाही ना याकडे लक्ष ठेवून लेनच्या मध्याला राहावे, समोरची गाडी जवळ येताच स्टेअरिंगची पकड आधीच सैल करायला तयार असावे. आणि मुंबईकडे येताना लेनच्या डाव्या अंगाला राहून उजवीकडे मोकळी जागा सोडावी. पावसाळ्यात हा एक फरक लक्षात ठेवला तरी बराच ताण कमी होतो.

ओव्हरटेक करताना हेच घडते, फक्त जास्त वेळ चालते. उंच गाडीच्या आडोशाला आपण वीस-तीस सेकंद राहतो आणि तिच्या केबिनच्या पुढे निघताच वारा पूर्ण जोराने लागतो. त्यामुळे वाऱ्यात उंच गाडीने उंच गाडीला ओव्हरटेक करूच नये. दुसरा करत असेल, तर आपण वेग कमी करून त्याला लवकर जाऊ द्यावे. दुचाकीस्वाराला ओलांडताना अंतर दुप्पट ठेवावे, कारण आपण त्याचा आडोसाही आहोत आणि आडोसा जाताच त्याला बसणारा धक्काही आपणच आहोत.

समोरून येणारा वारा डिझेल खातो, पण तुलनेने निरुपद्रवी असतो. पाठीमागचा वारा फसवा असतो : तो गाडीला हलकेच पुढे ढकलतो, आवाज कमी होतो, चालकाला वेग जाणवत नाही आणि उतारावर ब्रेक जास्त तापतात. घाट उतरताना पाठीशी वारा असेल, तर नेहमीपेक्षा एक गिअर खाली उतरावे.

पाचवी पायरी : थांबणे

थांबायचे ठरले, की मिळेल त्या जागी थांबू नये. झाडाखाली, विजेच्या तारांखाली, पत्र्याच्या शेडला लागून आणि जाहिरातीच्या फलकाशेजारी गाडी लावू नये. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला वादळात पेट्रोल पंपावर महाकाय फलक कोसळून 17 जणांचा जीव गेला. आडोशाला म्हणून तेथे आलेल्यांना तो आडोसाच नडला. भक्कम इमारतीची वाऱ्यामागची बाजू, ट्रक टर्मिनल किंवा डोंगराच्या कडेची, पण दरड नसलेली मोकळी जागा चांगली. उड्डाणपुलाखाली महामार्गावरच गाडी उभी करून रस्ता अडवू नये.

शक्य असेल तेव्हा गाडीचे तोंड वाऱ्याकडे करावे. त्यामुळे वाऱ्याला गाडीची सर्वांत लहान बाजू मिळते, आणि केबिनचे दार उघडताना वारा ते ढकलून बंद करतो, हिसकावून घेत नाही. हँडब्रेक लावावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत, आणि दिसण्यासाठी इशारा दिवे चालू ठेवावेत. क्लीनरला ताडपत्री नीट करायला वर चढवू नये. ताडपत्री गेली तर गेली. बसच्या चालकाने प्रवाशांना आतच बसवून ठेवावे आणि वाऱ्याच्या बाजूच्या काचा बंद कराव्यात. मालकाचा फोन येईलच, उशीर का झाला म्हणून. त्याला वाऱ्याचा इशारा आणि आपले ठिकाण यांचा स्क्रीनशॉट पाठवावा. तोंडी वादापेक्षा तो लवकर पटतो.

वारा थांबला असे वाटल्यावर लगेच निघू नये. वळिवात दोन झोतांमध्ये दहा-पंधरा मिनिटांची शांतता असते, म्हणून झाडांचे शेंडे अर्धा तास स्थिर राहिलेले पाहावेत आणि तीन तासांचा इशारा पुन्हा एकदा उघडावा. निघण्यापूर्वी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून दोऱ्या, ट्विस्ट लॉक, दारांच्या कड्या आणि आरसे तपासावेत. आरसे बहुतेक वेळा फिरलेले असतात. पहिले काही किलोमीटर वेग कमीच ठेवावा, कारण तुटलेल्या फांद्या आणि लोंबणाऱ्या तारा अजून कोणी हटवलेल्या नसतात. उंच गाडीच्या टपाला तार लागण्याची शंका आली, तर पुढे जाऊ नये. राष्ट्रीय महामार्गावर 1033 आणि इतरत्र 112 या क्रमांकावर कळवून वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत थांबावे. आणि तार गाडीवर पडलीच, तर केबिनमधून खाली न उतरता आतच बसून राहावे व जवळ येणाऱ्यांना हाताने खुणावून लांब ठेवावे.